मुखेड-जळकोट, छत्तीसशेच्या वेगानं

संगणकाच्या मेमरीवर, म्हणजे रॅमच्या पट्टीवर, तिचा वेग छापलेला असतो. मी आणलेल्या दोन पट्ट्यांवर ३६०० छापलं होतं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कॉम्प्युटरमध्ये त्या बसवून बघितलं तर आकडा आला २१३३. बंद करून पुन्हा चालू केला. २१३३. अण्णा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. ते शांतपणे म्हणाले, "टॉप गेअर पडंना झालाय."

मी लातूरला ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मेमरी म्हणजे काय हे फळ्यावर चौकोन काढून समजावते, आणि फळ्यावरचे चौकोन कधी बिघडत नाहीत. खरा डबा उघडून आत हात घालायची वेळ आली की माझी त्रेधा उडते, पण हे मी कुणाला कळू देत नाही. नांदेडला माहेरी तर अजिबात नाही. तिथं माझी इज्जत याच एका विषयावर टिकून आहे. स्वयंपाकातली केव्हाच गेली.

आता एका आकड्यानं मी एवढी का पेटले ते सांगायला पाहिजे. अण्णा मुखेड डेपोला ड्रायव्हर होते. निवृत्तीला आठ महिने राहिलेले असताना तपासणीत त्यांच्या उजव्या डोळ्याला दूरचं कमी दिसतं असं निघालं. नियमाप्रमाणे त्यांना स्टेअरिंगवरून उतरवून डेपोत टेबलाशी बसवलं, आणि निवृत्तीच्या दिवशी टेबलाशीच हार घातला. ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला गाडीला झेंडूच्या माळा लावतात, घरची माणसं पुढच्या सीटवर बसतात, वाटेतले ओळखीचे लोक पेढे घेऊन उभे असतात. अण्णांची शेवटची फेरी नेमकी कोणती, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. शेवटची म्हणून ती त्यांनी चालवलीच नव्हती.

आणि त्या फेरीत आई बसणार होती. आमच्या घरात ही साधी गोष्ट नाही. मी तान्ही असताना आई मला कडेवर घेऊन तिच्या माहेरच्या फाट्यावर उभी होती. मुखेड-जळकोट रस्त्यावर तो फाटा आहे, तिथं थांबा नाही. समोरून अण्णांची गाडी आली. आईनं हात केला, अण्णांनी हॉर्न दिला आणि गाडी तशीच पुढं काढली. "थांबा नव्हता," हे त्यांचं म्हणणं आजतागायत बदललेलं नाही. आई मला घेऊन पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेली आणि त्या दिवसापासून तिनं नवऱ्याच्या गाडीत पाय ठेवला नाही. मुखेडला जायचं असलं तरी दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी येईपर्यंत ती स्टँडवर बसून राहायची. तीस वर्षं. घरात भांडण मिठावरून सुरू होवो की पंख्यावरून, दहाव्या मिनिटाला ते त्या फाट्यावर जाऊन पोचायचं. फक्त निवृत्तीचं वर्ष लागलं तेव्हा ती एकदा म्हणाली होती, "शेवटच्या फेरीला बसते." मग डोळ्याची तपासणी झाली आणि ते तिथंच राहिलं.

निवृत्त झाल्यावर दोघं नांदेडला घर करून राहिले आणि अण्णा मुके झाले. लातूरला माझ्याकडं येताना बसमध्ये उजव्या पायानं सारखा ब्रेक दाबायचे. पुढं बसलेल्या ड्रायव्हरनं उशिरा गेअर टाकला की दात ओठ खायचे. शेवटी यायचंच बंद केलं. मला ते बघवेना. म्हणून मी त्यांना बस चालवायचा खेळ आणून दिला. मोठा टीव्ही, खरं वाटेल असं स्टेअरिंग, पायात क्लच-ब्रेक, डाव्या हाताला गेअर. पडदा तीन फुटांवर, त्यामुळं डोळ्याची काही तक्रार नाही. त्या खेळात स्वतःचा रस्ता बांधता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून मी मुखेड ते जळकोट रस्ता बांधला. वळणं, चढ, पूल, सगळं.

अण्णांनी पहिल्यांदा चालवून बघितलं आणि माझ्या रस्त्याच्या चिंध्या केल्या. "हितं बाभळ होती." "ह्या पुलाला कठडा न्हाई." "हे गतिरोधक कुणी काढलं?" मी सांगितलं, माझ्याकडून राहिलं. "माझ्या पाठीला मालूम हाय ते कुठं हाय," ते म्हणाले. मी वही घेऊन बसले आणि त्यांच्या पाठीला विचारून विचारून सतरा गतिरोधक टाकले. आमचे अण्णा बोलायला लागले होते. मला सत्तर टाकायला सांगितले असते तरी टाकले असते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांनी या नव्या गाडीची रीतसर पूजा केली. डेपोत ते दरवर्षी बोनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावायचे, अक्षता टाकायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे. मला म्हणाले, "बोनेट उघड." मी कॅबिनेट आडवं केलं आणि बाजूचा पत्रा काढून दिला. त्यांनी पंख्याला कुंकू लावलं, चारी पायांखाली चार लिंबं ठेवली, आणि मूठभर अक्षता आत टाकल्या. नारळ कॅबिनेटवरच फोडणार होते, तो आईनं हिसकावून घेऊन उंबऱ्यावर फोडला. मी नंतर ब्रशनं सगळं साफ केलं. निदान माझी तशी समजूत होती.

तर या थाटात सगळं चालू असताना खोट एकच होती. गाडी हिसके देत होती. मुखेडच्या बाजारात गर्दी आली की चित्र अडखळायचं, वळणावर झाडं उड्या मारायची. आणि अण्णांनी जाहीर केलं, "हिसके देनाऱ्या गाडीत मी पॅसेंजर घेत न्हाई." पॅसेंजर कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी कुठं बसते म्हणले?" पण तिनं पेटीतून जांभळी इरकल साडी काढून उन्हात टाकली होती. मी दोघांकडं बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की शेवटची फेरी अजून होऊ शकते.

त्यात घाई होती. अण्णांबरोबर वीस वर्षं ड्यूटी केलेले कंडक्टरकाका आमच्या मागच्याच गल्लीत राहत. अण्णा त्यांना मास्तर म्हणतात, ते अण्णांना डायवरसाब. काका सोमवारी सकाळी मुलीकडं हैदराबादला कायमचे राहायला जाणार होते. मास्तरशिवाय फेरी होणार नाही, हे अण्णांचं दुसरं कलम. म्हणजे माझ्या हातात शनिवार आणि रविवार.

हिसक्यांचं कारण मला माहीत होतं. अण्णांच्या कॉम्प्युटरला चित्रांसाठी वेगळं कार्ड नाही. प्रोसेसर चित्रं काढायचं काम रॅमच्या जिवावर करतो, त्यामुळं रॅम जेवढी चपळ तेवढं चित्र सरळ. आत एकच जुनी पट्टी होती. ती काढून मी ३६०० च्या दोन आणल्या, शनिवारी दुपारी बसवल्या, आणि आकडा आला तो वर सांगितला.

"तू छत्तीसशे म्हणलीस," अण्णा म्हणाले.

"होईल अण्णा. सेटिंग राहिलंय."

ते खरंच राहिलं होतं. नवी रॅम घातली की बोर्ड, म्हणजे आतला मदरबोर्ड, ती आधी जपून चालवतं. छापलेला वेग पाहिजे असेल तर बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची ओळ चालू करावी लागते. अण्णांना हे लगेच पटलं. "नव्या इंजिनाला बी सुरवातीला दाबत न्हाईत," ते म्हणाले. मी ऐटीत ती ओळ चालू केली. पडदा काळा झाला. पंखा घुमला, बंद पडला. पुन्हा घुमला, पुन्हा बंद पडला. तिसऱ्यांदा तेच. मग चित्र आलं आणि त्यावर निरोप, की तुमचं सेटिंग जमलं नाही म्हणून जुनंच लावलं आहे. २१३३.

"डेपोत वापस आली," काका म्हणाले. ते चहाला म्हणून आले होते आणि गेलेच नव्हते.

मी एक पट्टी काढली, एकच ठेवली, ओळ चालू केली. ३६००. ती काढून दुसरी एकटीच लावली. ३६००. म्हणजे दोन्ही पट्ट्या खणखणीत. आनंदानं मी दोन्ही लावल्या. काळा पडदा, पंखा, पंखा, पंखा, २१३३.

"एकेकट्या पळतात," मी जाहीर केलं. "दोघी मिळून पळत नाहीत."

"मानसांचं बी तसंच हाय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. काका इतके हसले की त्यांना चहाचा कप खाली ठेवावा लागला.

मग मी तडजोडीवर आले. ३२०० लावून बघितलं, काळा पडदा. ३००० लावलं तर चालू झालं. मी म्हटलं, चला, कुणाला कळतंय, आणि अण्णांना बसवलं. मुखेडच्या स्टँडमधून गाडी बाहेर पडली आणि बाजारात, नेहमीच्या जागी, हिसका. अण्णांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"न्हाई," ते म्हणाले.

माझा पारा चढला. मी म्हणाले की सहाशेचा तर फरक आहे, तुम्हाला एवढंही चालत नाही, आयुष्यभर सगळ्यांना वेळापत्रक दाखवलंत, आता मला दाखवताय. आणि मग, कशी कुणास ठाऊक, मी त्या फाट्यावर पोचले. आईनं येऊन माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि मला जेवायला बसवलं. मला लाज वाटली. त्या फाट्यावर जायचा हक्क फक्त तिचा होता.

रविवारी सकाळी मी उठून बघते तर अण्णा उघड्या कॅबिनेटसमोर मोढ्यावर बसलेले. हात पाठीमागं बांधलेले, म्हणजे कशाला लावले नाहीत हे मला दिसावं. रात्रीच्या भांडणाचा चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

"पोरी, चार खाचा हायत," ते म्हणाले.

"हो."

"दोनमधी पट्ट्या हायत. शेजारी-शेजारी."

"हो अण्णा."

"तिकडल्या दोन मोकळ्या कामून?"

मी त्यांना शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं की सगळ्या खाचा सारख्याच असतात. खरं म्हणजे मी दुसरी पट्टी आधी चौथ्या खाचेत घालून बघितली होती. तिच्या एका टोकाची, पट्टी अडकवणारी खुटी लागेना. मला वाटलं खाच घट्ट असेल, म्हणून पहिल्या पट्टीच्या शेजारी बसवून टाकली. हे मी कुणाला बोलले नव्हते.

"समद्या पॅसेंजरला एकाच बाजूला बसवलं," अण्णा म्हणाले, "तर गाडी बराबर पळंल का?"

"अण्णा, ही गाडी नाही."

"न्हाई, मी इचारून राहिलो."

केवळ त्यांना गप्प करायचं म्हणून मी बोर्डाबरोबर आलेलं पुस्तक शोधलं. ते मी तोवर उघडलेलं नव्हतं. कॉलेजात मुलांना मी पहिल्या तासाला सांगते, आधी पुस्तक वाचा. पाचव्या पानावर चित्र होतं. एक पट्टी असेल तर दुसऱ्या खाचेत. दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या. प्रोसेसरकडून रॅमकडं दोन रस्ते निघतात, पहिल्या दोन खाचा एका रस्त्यावर आणि पुढच्या दोन दुसऱ्या रस्त्यावर. मी दोन्ही पट्ट्या एकाच रस्त्यावर कोंबल्या होत्या. म्हणून त्या एकेकट्या पळत होत्या आणि मिळून अडत होत्या.

मी पुस्तक मिटलं. मग नाइलाजानं उघडून अण्णांना वाचून दाखवलं. ते उठून खिडकीशी गेले आणि मागच्या गल्लीकडं तोंड करून ओरडले, "मास्तर, लोड एका बाजूला होता." काका बनियनवरच धावत आले.

आता फक्त पट्टी चौथ्या खाचेत बसवायची होती. मी दाबली. एका टोकाला टक झालं. दुसऱ्या टोकाची खुटी उभीच. मी काढून पुन्हा दाबली. अण्णांनी दाबून बघायची परवानगी मागितली, मी दिली नाही. काकांनी फुंकर मारली. खुटी उभीच. आत अंधार होता, काही दिसत नव्हतं. शेवटी आम्ही तिघांनी वायरी काढून कॅबिनेट उचललं आणि अंगणात उन्हात आणून बाजेवर आडवं ठेवलं.

बाजेच्या पलीकडं आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. आमची तीन डोकी त्या डब्यात घुसलेली बघून ती सूप घेऊनच उठली, चष्मा वर केला आणि डोकावली. तिनं जेमतेम एक क्षण बघितलं असेल.

"दाना हाय त्यात," ती म्हणाली.

"कशाचा?"

"तांदळाचा. लाल हाय. कुंकवाचा."

खाचेच्या टोकाला, खुटीच्या बुडाशी, खंडेनवमीची एक अक्षता रुतून बसली होती. ओल्या कुंकवानं चिकटलेली आणि वाळून घट्ट झालेली. आम्ही सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी लिंबाच्या झाडाकडं बघितलं.

"बोनेट तूच उघडलं होतंस," ते मला म्हणाले. आणि ते खरं होतं.

मला आधी हुंदका आल्यासारखं झालं, मग कळलं की ते हसू आहे. कालपासून मी सेटिंगला दोष दिला, दुकानाला दिला, पट्ट्यांना दिला, आणि आडवा आला होता आमच्याच घरातला तांदूळ. मी हसत हसत बाजेवर बसले. काका म्हणाले, "डायवरसाब, गाडीला नजर लागू नये म्हनून तुमी गाडीच बंद पाडली," आणि अण्णासुद्धा हसले. त्यांचे खांदे हलत होते. निवृत्तीनंतर मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं.

दाणा काढायला मी चिमटा शोधत होते. आईनं झाडूची एक काडी मोडली, खाली बसली, आणि सुपातला खडा बाजूला करावा तेवढ्या सहज तो दाणा उचकटून तळहातावर घेतला. उलटासुलटा करून बघितला.

"अख्खा हाय," ती म्हणाली आणि देवघरात नेऊन ठेवून आली.

पट्टी चौथ्या खाचेत घातली. दोन्ही टोकांना टक, टक. त्या दोन आवाजांसाठी मी कॉलेजातली नोकरीसुद्धा सोडली असती. आत नेऊन वायरी लावल्या, सेटिंगमधली ओळ चालू केली. पडदा काळा झाला. पंखा एकदाच घुमला आणि घुमत राहिला, आणि चित्र आलं. ३६००.

मी नाचले. पस्तिशीला आलेली, बारावीचे पेपर तपासणारी बाई, मी देवघरासमोरच्या मोकळ्या जागेत दोन्ही हात वर करून नाचले. आई म्हणाली, शेजारचे बघतील. मी म्हटलं, बघू देत, छत्तीसशे आहे.

तेवढ्यात काकांनी पडद्यावर तपासणीच्या दुसऱ्या एका खिडकीवर बोट ठेवलं. "आन हे अठराशे काय हाय? आर्धीच पळून राहिली की." अण्णांचा चेहरा उतरला. पण हे मात्र मला येत होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. "अण्णा, मुखेडहून जळकोटला जाताना पॅसेंजर भरता ना?" "हाव." "येताना रिकामी आणता का?" "न्हाई, येताना बी भरून." "फेऱ्या अठराशे. जाताना पॅसेंजर, येताना पॅसेंजर. एकूण किती?" अण्णांनी काकांकडं बघितलं. काकांनी बोटांवर हिशेब केला आणि मान डोलावली. दहा वर्षं मी ही गोष्ट शिकवतेय. इतक्या लवकर ती कुठल्याच वर्गाला कळलेली नाही.

"चारची गाडी हाय," अण्णा म्हणाले. "चारलाच सुटंल."

दुपारी मी खुर्च्या मांडल्या. टीव्हीपुढं अण्णांची, तिच्या मागं एक, दाराशी काकांची. मी झेंडूची माळ करून टीव्हीला लावली. चारला दहा कमी असताना अण्णा आतून खाकी घालून आले. शर्ट पोटावर जरा ताणला होता. काका त्यांच्या जुन्या बॅगेसह आले, आणि घंटी नव्हती म्हणून देवघरातली घंटा घेतली. आई जांभळी इरकल नेसून दारात उभी राहिली. हातात डबा होता, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ती आत येईना.

"चढा की वहिनी," काका म्हणाले.

आईनं उंबरा ओलांडला आणि अण्णांच्या मागच्या खुर्चीत बसली. अण्णांनी मागं बघितलं नाही. आरसा नीट केला. तो पडद्यातला आरसा आहे, त्यात खोली दिसत नाही, पण त्यांनी तो नीट केला.

काकांनी घंटा दोनदा वाजवली. डबल बेल.

गाडी स्टँडमधून बाहेर पडली. बाजार आला. मी पदराचं टोक दातात धरलं होतं. भाजीच्या गाड्या, माणसं, रिक्षा, सगळं सरकत मागं गेलं आणि एक हिसका बसला नाही. अण्णांनी टॉप गेअर टाकला. काका मुखेडपासूनचे थांबे मोठ्यानं सांगत होते, न चढलेल्या लोकांना मागं सरकायला लावत होते. सतरा गतिरोधकांवर अण्णांनी सतरा वेळा गाडी अलगद उतरवली आणि दर वेळी आई खुर्चीत जराशी पुढं झुकली. तिला ते माहीत नसावं. डबा उघडला गेला, दशमी मागून पुढं गेली, अण्णांनी एका हातानं खाल्ली.

मग तो चढ आला. चढ संपला की उजव्या अंगाला दोन बाभळी आणि आत जाणारी पांदण. मी तो फाटा बांधताना खूप विचार केला होता आणि शेवटी जसा आहे तसाच ठेवला होता. थांबा टाकला नव्हता. काकांनाही ती गोष्ट माहीत होती, वीस वर्षं त्यांनी ती दोन्ही बाजूंनी ऐकली होती. मी आईकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती, डब्यावर दोन्ही हात ठेवून.

टिकटिक टिकटिक आवाज आला. अण्णांनी इंडिकेटर दिला होता. गेअर उतरत गेले. गाडी बाजूला झाली आणि बाभळीच्या सावलीत उभी राहिली. अण्णांनी दाराचं बटण दाबलं, दार उघडलं. पडद्यावर लाल अक्षरांत आलं की हा थांबा वेळापत्रकात नाही, गुण कापले आहेत.

"डायवरसाब," काका हळूच म्हणाले, "हितं थांबा न्हाई."

"मालूम हाय," अण्णा म्हणाले.

इंजिन घुमत होतं. पांदणीवर कुणी नव्हतं. अण्णांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते आणि ते उघड्या दाराकडं बघत होते, कुणी येतंय म्हणून थांबल्यासारखे. आईनं डब्याचं झाकण लावलं, कडी बसवली आणि पदर सारखा केला.

"मी आतच हाय," ती म्हणाली. "चला आता."

अण्णांनी दार लावलं. काकांनी घंटा उचलली, पण ती त्यांच्या हातून नीट वाजेना, म्हणून डबल बेल मी दिली.